मोजलं कोणी, ते आधी सांगा

मोबाईल उलटे ठेवा आणि इकडे बघा. तुमचे अहवाल मी शेवटच्या पानापर्यंत वाचले. वाचताना एकच शंका येत राहिली, त्या कंपनीने तुम्हाला पगार सुरू केलाय का? केला नसेल, तर फुकटात एवढी चाकरी कशासाठी?

विषय साधा दिला होता. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात, टेमार नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे, बेल बे इथे गन्स नावाच्या लाकूड कंपनीने लगद्याचा कारखाना काढायचं ठरवलं. लहानसहान नव्हे, पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाकाठी सुमारे 11 लाख टन लगदा. जुलै 2006 मध्ये कंपनीने आपला परिणाम अहवाल सादर केला. या कारखान्याबाबत केलेले पर्यावरणविषयक दावे तपासा, असं मी फळ्यावर लिहिलं होतं. तुम्ही ते दावे सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेत. निम्म्या वर्गाचं पहिलं वाक्य एकच आहे, 'हा जगातील सर्वांत हरित लगदा कारखाना ठरला असता.' कोण म्हणतं हे? ज्याला कारखाना काढायचा होता तो म्हणतो, आणि ज्या सरकारला तो हवाहवासा होता ते म्हणतं. मुलाची चौकशी मुलाच्याच मामाकडे करून लग्न ठरवतात का कोणी?

हसू नका. दुसऱ्या वर्षाला आहात तुम्ही, एम. एस्सी.च्या.

आता एकेक घेऊ. 'कारखाना स्वतःची वीज स्वतः तयार करणार होता, म्हणून तो पर्यावरणपूरक.' हे कोणी लिहिलंय ते मला ठाऊक आहे, मान खाली घालायची गरज नाही, नीट ऐक. लाकडात तंतू असतात आणि त्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन असतं. क्राफ्ट पद्धतीत लाकडाच्या चकत्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात 170 अंशांच्या आसपास शिजवतात. लिग्निन विरघळतं, तंतू सुटे होतात. उरतं ते दाट काळं द्रावण. ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते, वाफेवर वीज होते आणि तळाशी सोडियमचे क्षार परत हाती लागतात. सुंदर रसायनशास्त्र आहे हे, मला स्वतःला ते शिकवायला आवडतं. पण हे जगातला प्रत्येक आधुनिक क्राफ्ट कारखाना करतो. न करून चालतच नाही, एवढी रसायनं दर वेळी नवी घ्यायची म्हटली तर दिवाळं निघेल. म्हणजे दावा खरा आहे, पण त्यात या कारखान्याचं कौतुक काय? सगळेच करतात ते काम कोणी स्वतःचा पराक्रम म्हणून सांगितलं, तर ते ओळखायला शिका. खोटा दावा पकडणं त्या मानाने सोपं असतं. खरा पण निरर्थक दावा तुमच्या डोळ्यांदेखत निसटतो, आणि तुम्ही वर त्याला अधोरेखित करता.

'वासाचा त्रास नगण्य राहील.' नगण्य म्हणजे किती? त्या सल्फाइडमुळे हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन आणि त्यांची भावंडं तयार होतात. सडक्या कोबीसारखा, अंड्यासारखा वास. कागद कारखान्याच्या गावावरून रेल्वेने गेलेल्याला तो सांगावा लागत नाही, स्टेशन यायच्या आधीच डब्यातल्या खिडक्या खाली होतात. माणसाचं नाक हे वायू हवेच्या अब्जात काही भाग इतके असले तरी हेरतं. आता टेमारची दरी डोळ्यांसमोर आणा. नकाशा बघितला होता का कोणी? हात वर करा. वाटलंच होतं. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि खाली सोडलेला धूर खालीच कोंडतो. तापमानाची विपरीतता, पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकलात. लॉन्सेस्टन शहर याच दरीत आहे, आणि घरोघरच्या लाकडाच्या शेगड्यांमुळे तिथली हिवाळ्यातली हवा आधीपासूनच बदनाम होती. शिवाय दरीत द्राक्षमळे, वाइन, पर्यटन. तिथे तुम्ही मला वर्षाची सरासरी काढून दाखवता? वास वार्षिक सरासरीने येत नाही. तो जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातल्या, एखाद्या वारा पडलेल्या पहाटे येतो, आणि त्या पहाटेचा आकडा मागायचा असतो. चिमणी किती उंच, कोंडणारा थर किती उंच, वाऱ्याची नोंद दरीत घेतली की दूरच्या विमानतळावर, हे विचारायचं असतं. तुमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही.

पुढे. 'विरंजनात क्लोरीन वापरणार नसल्यामुळे डायॉक्सिन शून्य.' या एका वाक्यात दोन चुका आहेत. जुने कारखाने लगदा पांढरा करायला क्लोरीन वायू वापरत आणि त्यातून डायॉक्सिन निघतं हे 1980 च्या दशकात उघड झालं. त्यानंतर उद्योग क्लोरीन डायॉक्साइडकडे वळला, आणि बेल बेचा आराखडाही त्याच पद्धतीचा होता. म्हणजे वायू गेला, क्लोरीन राहिलं. ओझोन आणि पेरॉक्साइड वापरून क्लोरीनची संयुगं पूर्णपणे टाळणारी पद्धत वेगळी, ती इथे निवडलेली नव्हती. दुसरी चूक त्याहून वाईट, कारण ती आळसाची आहे. प्रयोगशाळेच्या तक्त्यात 'आढळले नाही' असं असतं, ते तुम्ही 'शून्य' म्हणून उतरवता. यंत्राच्या पकडीत आलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

गणित करू, काढा कॅल्क्युलेटर. या कारखान्यातून दिवसाला सुमारे 6 कोटी 40 लाख लिटर सांडपाणी नळाने बास सामुद्रधुनीत सोडायचं होतं. समजा, पाण्यातलं डायॉक्सिन मोजण्याच्या पद्धतीची खात्रीची पकड लिटरमागे 10 पिकोग्रॅम आहे आणि प्रमाण त्याच्या जेमतेम खाली आहे. म्हणजे तक्त्यात 'आढळले नाही'. गुणा. दिवसाला 0.64 मिलिग्रॅम. वर्षाचे कामाचे 350 दिवस धरा, 0.22 ग्रॅम. चिमूटभरही नाही, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. बरं. माणसाच्या शरीराला दर किलोमागे दिवसाला सहन होण्याजोगी मात्रा पिकोग्रॅममध्ये सांगतात, तीसुद्धा एका आकडी. आता 0.22 ग्रॅमचे पिकोग्रॅम कर आणि मग पुटपुट. हा कमाल आकडा आहे, प्रत्यक्षातला याच्या कितीतरी खाली असू शकतो, हे मी स्वतःच सांगते. माझं भांडण शून्याशी आहे. आणि डायॉक्सिन चरबीत साठतं. त्या किनाऱ्याजवळ टेन्थ आयलंड नावाच्या खडकावर फर सीलची वस्ती आहे, मासे खाऊन जगणारी, अंगावर चरबीचा थर वागवणारी. पाण्यातला आकडा आणि सीलच्या अंगातला आकडा यांत अन्नसाखळीचे जिने असतात. एकीने लिहिलंय, 'समुद्र विशाल असल्याने सांडपाणी विरून जाईल.' बास सामुद्रधुनीची सरासरी खोली 60 मीटरच्या आसपास आहे, बाई. विशाल दिसतो तो वरून.

तशीच दुसरी हातचलाखी म्हणजे 'प्रति टन'. 'प्रति टन लगदा प्रदूषण जगात सर्वांत कमी' असं तुम्ही मोठ्या ठशात छापलंत. समजा, क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ टनामागे फक्त 200 ग्रॅम. किती गोंडस आकडा! 11 लाखांनी गुणलं की 220 टन होतात, दर वर्षी, त्याच एका नळातून. नदीला, समुद्राला, माशाला टनामागचा हिशेब कळत नाही, त्यांच्या अंगावर एकूण येतं. उत्पादकाला आपली कार्यक्षमता दाखवायची असते, म्हणून तो 'प्रति टन' बोलतो, त्यात त्याचं काही चुकलं नाही. चुकलं तुमचं. गुणाकार तुम्ही करायचा होता.

पण हे सगळं मी एक वेळ माफ केलं असतं. आकडे चुकतात, सुधारता येतात. मला खरा राग आला तो जंगलाच्या पानावर. तिथे पानच नाही! अख्ख्या वर्गात दोघा-तिघांनी जंगलाचा उल्लेख केलाय, तोही प्रस्तावनेत, निसर्गवर्णन म्हणून. अरे, लगदा कशाचा करतात? कारखान्याला वर्षाला लाखो टन लाकूड लागणार होतं. सुरुवातीच्या आराखड्यात नैसर्गिक जंगलातलं लाकूड होतं. नैसर्गिक जंगलातली तोड सोडून फक्त लागवडीकडे वळतोय, असं कंपनीने जाहीर केलं ते 2010 मध्ये. टास्मानियातल्या निलगिरीची झाडं जगातल्या सर्वांत उंच झाडांत मोडतात, शंभर मीटरला टेकलेली. असं जंगल सपाट तोडून, उरलेलं जाळून, त्यातून निघालेल्या चकत्यांवर चाललेला कारखाना 'कार्बनच्या दृष्टीने तटस्थ' आहे की नाही, याचं उत्तर कारखान्याच्या फाटकाच्या आत मिळत नाही. आणि नेमकं तेच फाटक या मूल्यमापनाची हद्द होऊन बसलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या 1999 च्या पर्यावरण कायद्यात प्रादेशिक वनकरारांखालच्या तोडीला सूट आहे. केंद्रीय मंत्र्याच्या टेबलावर त्यामुळे काही संरक्षित जाती, स्थलांतर करणारे प्राणी आणि केंद्राच्या ताब्यातला समुद्र एवढंच आलं. जंगल नाही. दरीतला वासही नाही. 'केंद्र सरकारने सर्व बाबी तपासून मंजुरी दिली' असं तुम्ही लिहिता तेव्हा 'सर्व' हा शब्द कुठून आणता?

कोणताही दावा हातात आला की आधी त्याची हद्द बघा. कुंपण कुठे घातलंय? त्या कुंपणाच्या आत बहुतेक वेळा सगळं खरंच असतं. कंपन्या इतक्या बावळट नसतात, की ज्याची तपासणी होणार तिथेच खोटं लिहितील. जे अडचणीचं ते कुंपणाबाहेर ठेवलं की झालं, मग खोटं बोलावंच लागत नाही. एवढी एक गोष्ट या सत्रात तुमच्या डोक्यात शिरली असती, तर मी बाकीच्या चुकांवर पाणी सोडलं असतं.

आता मंजुरीचं. 'राज्याच्या संसदेने आणि केंद्राने मान्यता दिल्यामुळे दावे सिद्ध झाले.' हे वाक्य लिहिणाऱ्याने प्रक्रियेची तारीखवार यादी केली असती तर त्याचा हात थरथरला असता. टास्मानियात एक स्वतंत्र नियोजन आयोग हा प्रस्ताव तपासत होता. जानेवारी 2007 मध्ये आयोगाचे प्रमुख ज्युलियन ग्रीन आणि लगदा उद्योगातले शास्त्रज्ञ वॉरविक रॅव्हर्टी यांनी मूल्यमापनाच्या कामातून राजीनामे दिले. मग माजी न्यायाधीश ख्रिस्तोफर राइट आले. कंपनीने दिलेली माहिती गंभीररीत्या अपुरी आहे, असं आयोगाने कळवलं. यावर कंपनीने काय करावं? माहिती पुरी करावी, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. 14 मार्च 2007 ला कंपनी त्या प्रक्रियेतूनच बाहेर पडली, उशीर परवडत नाही म्हणाली. आणि पॉल लेनन यांच्या राज्य सरकारने खास या एका कारखान्यासाठी वेगळा कायदा केला. सल्लागार कंपनीने निकषांशी ताडून बघायचं, मग दोन्ही सभागृहांनी हात वर करायचे. आयोगापुढची जाहीर सुनावणी गेली. मंजुरीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या 11 व्या कलमाने आवळला. 30 ऑगस्ट 2007 ला मंजुरी. पेपर अवघड गेला म्हणून परीक्षकच बदलून घेतला, आणि तुम्ही गुणपत्रिका फ्रेम करून लावताय.

केंद्राचं जरा बरं होतं, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री माल्कम टर्नबुल यांनी देशाच्या मुख्य शास्त्रज्ञांकडून अहवाल घेतला आणि ऑक्टोबर 2007 मध्ये 48 अटी घालून होकार दिला. पण त्या अटी वाचा. सांडपाणी समुद्रात कसं पसरेल याचा सविस्तर अभ्यास त्यानंतर व्हायचा होता. जानेवारी 2009 मध्ये पीटर गॅरेट मंत्री असताना समुद्राविषयीचे भाग अजून अडलेलेच होते, मुदत वाढवून दिली. सगळी शेवटची मान्यता टोनी बर्क यांनी दिली, मार्च 2011 मध्ये. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर होकार किंवा नकार द्यायचा, तो प्रश्न होकार दिल्यावर साडेतीन वर्षं सोडवत बसले. वरातीमागून घोडं याहून वेगळं काय असतं?

आता मागच्या दोन बाकांवरचे, जे मघापासून खुशीत आहेत. तुम्ही कंपनीची री ओढली नाहीत, कबूल. विरोधकांची ओढलीत. 'कारखाना झाला असता तर संपूर्ण दरी डायॉक्सिनने विषारी झाली असती.' आकडा? अंतर? कोणत्या जुन्या कारखान्याच्या अनुभवावरून? क्लोरीन डायॉक्साइडची पद्धत आल्यापासून डायॉक्सिन प्रचंड घटलं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे, ते तुम्ही चक्क गाळलंत. तुमच्या मनाला पटणारा दावाही दावाच असतो, त्यालाही तेच प्रश्न. चळवळीबद्दल मला आदर आहे, पण गुण मी आदराला देत नाही.

तपासणं कसं असतं ते बघायचं तर फार लांब जायला नको. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी 1970 च्या दशकात कारवारकडच्या जंगलात बांबूचा अभ्यास केला. तिथे कागद कारखान्याला सरकार टनाला दीड रुपया असल्या दराने बांबू देत आलं होतं, तर टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात त्याच्या कैक पट मोजावे लागत. बांबू संपत चालला, आणि दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर. दावा अगदी पटण्यासारखा, कारण गुरं कोंब खातात हे सगळ्यांना दिसतं. गाडगीळ बांबूच्या बेटापाशी गेले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. गावकरी बांबू वरून तोडत, ते जाळं तसंच ठेवत. कारखान्याचे मजूर तोडणी सोपी व्हावी म्हणून बूड साफ करत. काटे गेले की नवे कोंब उघडे पडतात, मग गुरं, साळिंदर, माकडं, जो येईल तो खातो. म्हणजे गुरं कोंब खात होती हे खरंच होतं, फक्त कुंपण कोणी काढलं हे दाव्यात नव्हतं. तुमच्यातले गडचिरोलीचे पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी खातात ना? त्यांना तरी हे सुचायला हवं होतं. त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावचे लोक ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी अभ्यासगटात बसतात, कागद समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून उलटसुलट विचारतात. तुमच्या हाती पदव्या आहेत, आणि तुम्ही गटात बसून एकमेकांची फाईल उतरवता.

हे सगळं दूरच्या देशातलं, असं समजू नका. आपल्याकडे 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यमापन अधिसूचनेनुसार लगद्याचा कारखाना 'अ' वर्गात येतो. त्याचा परिणाम अहवाल तयार करून घेतो प्रकल्पवालाच, पैसेही तोच देतो. जनसुनावणीआधी मराठीत सारांश वाटायचा असतो. उद्या तुमच्यापैकी बरेच जण अशाच एखाद्या सल्लागार कंपनीत लागणार आणि तो सारांश लिहिणार. मंडपात शेवटच्या रांगेत बसलेली बाई तो वाचणार, किंवा कोणाकडून वाचून घेणार. तिच्या विहिरीचा नमुना फक्त उन्हाळ्यात घेतला असेल, तर तसं त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. 'पाण्याची गुणवत्ता समाधानकारक' एवढंच लिहून मोकळे झालात, तर तिला काय कळणार की पावसाळ्यात कोणी फिरकलंच नाही?

काय रे, काय म्हणायचंय? मोठ्याने बोल. 'मॅडम, पण तो कारखाना झालाच नाही.' हो, झाला नाही. का नाही झाला, वाचलंस? मे 2008 मध्ये एएनझेड बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. भागीदार मिळाले नाहीत, कारखान्याचा खर्च दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला, विरोध थांबला नाही. सप्टेंबर 2012 मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि 30 ऑगस्ट 2017 ला परवाना संपला. आता नीट बघ, यात मूल्यमापनाने काय अडवलं? काही नाही. राज्याची मंजुरी हातात होती, केंद्राची हातात होती. पैसा उभा राहिला असता तर उरलेले प्रश्न तसेच ठेवून नळ समुद्रात गेला असता. दर वेळी बँक मागे हटेल या भरवशावर तुम्ही हा विषय शिकताय का?

अहवाल परत घ्या. कोणालाही गुण दिलेले नाहीत. पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने एकच दावा निवडायचा, एकच. तो कोणी केला, कोणत्या तारखेला, कोणत्या मोजणीवरून, ती मोजणी कुठे आणि कोणत्या ऋतूत झाली, तुलना कशाशी, आणि हद्दीबाहेर काय ठेवलं, एवढं हाताने लिहून आणायचं. टाईप केलेलं घेणार नाही. 'नगण्य', 'समाधानकारक' आणि 'हरित' यांपुढे आकडा नसेल, तर मी तिथेच वाचन थांबवीन. माहिती सापडली नाही, तर कुठे-कुठे शोधली ते लिहा, त्याला गुण आहेत. ज्यांनी एकमेकांचं उतरवलंय ते चौघे तास संपल्यावर माझ्या खोलीत या. बाकीचे प्रयोगशाळेत चला, आज सांडपाण्याच्या नमुन्यांची बीओडी चाचणी लावायची आहे आणि बाटल्या अजून कोणी धुतलेल्या नाहीत.